ऊतीसंवर्धित केळी : बाटलीतून बांधापर्यंतचा आर्द्रतेचा प्रवास

खानदेशातील केळी उत्पादकाला ऊतीसंवर्धित रोपाची आता नवलाई राहिलेली नाही. १९९० च्या दशकाच्या मध्यापासून 'ग्रँड नैन' या वाणाची प्रयोगशाळेत वाढविलेली रोपे जळगाव जिल्ह्यात रुजू लागली. कंद किंवा मुनवे लावण्याची परंपरागत पद्धत त्यानंतर हळूहळू मागे पडत गेली. प्रयोगशाळेत रोप कसे तयार होते, याविषयी बरेच लिहिले-बोलले जाते. लागवडीनंतरच्या ठिबक सिंचनाची आणि खतांच्या मात्रांचीही चर्चा भरपूर होते. या दोहोंच्या मधला दहा ते चौदा आठवड्यांचा काळ मात्र दुर्लक्षितच राहतो. बाटलीतून बाहेर आलेले रोप याच काळात एकतर काटक बनते, नाही तर कायमचे दुबळे राहते. आणि हा निकाल खतापेक्षा किंवा औषधापेक्षा अधिक अवलंबून असतो तो हवेतील ओलाव्यावर, म्हणजेच आर्द्रतेवर.

या प्रश्नाचे आर्थिक गांभीर्य समजण्यास साधा हिशेब पुरेसा आहे. दीड मीटर बाय दीड मीटर अंतरावर लागवड केल्यास एका हेक्टरात ४,४४४ रोपे बसतात. त्यांपैकी दहा टक्के रोपे पहिल्या पंधरवड्यात माना टाकू लागली, तर ४४४ जागी नांग्या भराव्या लागतात. नुकसान तेवढ्या रोपांच्या किमतीपुरते मर्यादित राहत नाही. ऊतीसंवर्धनाचा सर्वांत मोठा लाभ म्हणजे बागेचा एकसारखेपणा. सर्व झाडे एकाच सुमारास निसवतात, घड एकाच सुमारास काढणीला येतात आणि व्यापाऱ्याची गाडी एकाच फेरीत भरते. महिनाभर उशिरा लावलेली रोपे हा मेळ बिघडवितात आणि ज्या गुणासाठी शेतकऱ्याने रोपाला जादा दाम मोजला, तोच गुण हातचा जातो.

बाटलीतील लाडावलेले रोप

ऊतीसंवर्धनात रोप निर्जंतुक बाटलीत, कृत्रिम पोषक माध्यमावर वाढते. मुराशिगे आणि स्कूग या शास्त्रज्ञांनी १९६२ मध्ये सिद्ध केलेले माध्यम त्यासाठी आजही सर्वत्र वापरले जाते. त्यात प्रतिलिटर साधारणतः ३० ग्रॅम साखर घातलेली असते. बाटलीतील तापमान २५ अंश सेल्सियसच्या आसपास, उजेड मंद आणि हवा जवळजवळ शंभर टक्के ओलाव्याने भरलेली असते. रोपाला अन्न तयार मिळते आणि पाणी गमावण्याचे भय नसते. साहजिकच ज्या अवयवांची गरज नाही, ते नीट घडतच नाहीत.

पानांवरील मेणाचा थर अत्यंत पातळ राहतो. पानावरील सूक्ष्म छिद्रे, ज्यांना पर्णरंध्रे म्हणतात, ती उघडीच असतात आणि गरजेच्या वेळी मिटण्याची सवय त्यांना झालेली नसते. मुळे दिसतात खरी, पण त्यांवर केशमुळांचा अभाव असतो आणि मातीतून पाणी ओढण्याचे काम त्यांना पेलत नाही. असे रोप एकदम उघड्या हवेत आणले, तर पानांतून पाणी भराभर निघून जाते आणि मुळे ते भरून काढू शकत नाहीत. बुडाशी कितीही पाणी घातले तरी रोप वाचत नाही, कारण तहान मुळाशी नसून पानाशी असते.

येथे एक गोष्ट ध्यानात घ्यायला हवी. बाटलीत तयार झालेली पाने पुढे फारशी सुधारत नाहीत. रोपाला तारतात ती बाहेरच्या हवेत नव्याने फुटलेली पाने आणि नव्याने सुटलेली मुळे. म्हणून रोपवाटिकेतील दमट हवा हा रोपावरचा इलाज नव्हे. नवे पान आणि नवे मूळ येईपर्यंत रोपाला दिलेली ती मुदत असते. ही मुदत देणे जितके आवश्यक, तितकेच ती वेळेवर संपविणेही आवश्यक. या संपूर्ण क्रियेला काटकीकरण, किंवा रोपवाटिकांच्या रोजच्या बोलीत हार्डनिंग, असे म्हणतात.

टक्केवारीची फसगत

आर्द्रता आपण टक्क्यांत मोजतो. परंतु हा आकडा एकट्याने फारसे काही सांगत नाही. हवा जितकी उष्ण, तितकी तिची बाष्प सामावून घेण्याची क्षमता अधिक. २० अंशांना एक घनमीटर हवेत सुमारे १७ ग्रॅम बाष्प मावते, तर ३० अंशांना सुमारे ३० ग्रॅम. त्यामुळे हवेतील बाष्प तेवढेच राहूनही केवळ तापमान वाढले की टक्केवारी खाली येते. सकाळी २५ अंश आणि ९० टक्के आर्द्रता असलेली हवा बाष्पाची भर न पडता दुपारी ३५ अंशांपर्यंत तापली, तर तिची आर्द्रता अवघी ५१ टक्के उरते.

रोपाला जाणवतो तो हवेचा 'कोरडा ओढा'. त्या तापमानाला हवेत जितके बाष्प मावू शकते आणि जितके प्रत्यक्षात आहे, त्यांतील फरकाला बाष्पदाबातील तूट असे म्हणतात आणि ती किलोपास्कल या एककात मोजतात. बाटलीत ही तूट जवळजवळ शून्य असते. २८ अंश आणि ९० टक्के आर्द्रतेच्या बोगद्यात ती सुमारे ०.४, तर ३० अंश आणि ७० टक्क्यांना सुमारे १.३ असते. ३२ अंश आणि ६० टक्के आर्द्रतेच्या शेडनेटमध्ये ती १.९ पर्यंत जाते. आणि मे महिन्यातील जळगावच्या दुपारी ४४ अंश तापमान व १५ टक्के आर्द्रता असताना हीच तूट ७.७ किलोपास्कलवर पोहोचते. शून्यापासून पावणेआठपर्यंतची ही चढण रोपाला पायरीपायरीने चढवायची असते. उडी मारायला लावली, तर रोप कोसळते.

दूध तोडण्याची रीत

तान्ह्या मुलाचे दूध जसे बेताबेताने तोडतात, तशीच ओलाव्याची सवयही बेताने तोडावी लागते. बाटलीतून काढलेल्या रोपाच्या मुळांना चिकटलेले माध्यम आधी स्वच्छ पाण्याने धुवावे, कारण त्यातील साखरेवर बुरशी झपाट्याने वाढते. नंतर निर्जंतुक कोकोपीट भरलेल्या ट्रेमध्ये रोपे लावून ती प्लॅस्टिकच्या बोगद्यात ठेवतात. हा प्राथमिक टप्पा चार ते सहा आठवड्यांचा असतो.

पहिल्या आठवड्यात बोगदा बंद ठेवून आर्द्रता ९० टक्क्यांच्या आसपास राखावी. दुसऱ्या आठवड्यात सकाळी आणि सायंकाळी, ऊन कोवळे असताना, तासभर बाजू उघडाव्यात. नवे पान उलगडू लागले की हा अवधी वाढवीत न्यावा. पुढे रात्रभर आच्छादन काढून ठेवावे आणि शेवटी ते पूर्णपणे दूर करावे. दिवसांचा हिशेब हा केवळ मार्गदर्शक समजावा. खरी खूण रोपच देते. दुपारी बोगदा उघडल्यावर कोमेजलेले पान सायंकाळपर्यंत पुन्हा ताठ झाले, तर पुढची पायरी चढण्यास रोप तयार आहे. ते सायंकाळीही लोंबतच राहिले, तर एक पायरी मागे यावे.

त्यानंतरचा दुय्यम टप्पा सहा ते आठ आठवड्यांचा असतो. रोपे पिशव्यांत हलवून ५० टक्के सावली देणाऱ्या शेडनेटखाली ठेवली जातात. येथे आर्द्रता आणखी खाली येते, उजेड वाढतो आणि पानांवर मेणाचा थर चढू लागतो.

मृगबाग आणि कांदेबाग : दोन ऋतू, दोन संकटे

खानदेशात केळीची लागवड मुख्यतः दोन हंगामांत होते. जून-जुलैमधील लागवडीला मृगबाग, तर पावसाळ्याच्या अखेरीस होणाऱ्या लागवडीला कांदेबाग म्हणतात. रोपवाटिकेच्या दृष्टीने हे दोन हंगाम म्हणजे दोन परस्परविरोधी परीक्षा होत.

मृगबागेची रोपे मार्च-एप्रिलमध्ये बाटलीबाहेर येतात आणि त्यांचे काटकीकरण ऐन उन्हाळ्यात चालते. या काळात संकट कोरडेपणाचे असले, तरी उपायही त्या कोरडेपणातच दडलेला असतो. एक लिटर पाण्याची वाफ होताना सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता शोषली जाते. हवा कोरडी असल्याने वाफ भराभर होते. ४४ अंश आणि १५ टक्के आर्द्रतेची हवा ओल्या पॅडमधून खेचली, तर तत्त्वतः ती २३ अंशांपर्यंत थंड होऊ शकते. पॅड चांगल्या स्थितीत असल्यास प्रत्यक्षात २८ अंशांच्या आसपास उतरते. म्हणजे तापमान घटते आणि आर्द्रता वाढते, अशी दोन्ही कामे एकाच वेळी साधतात. पंखा-पॅडची सोय नसल्यास फॉगरने बारीक तुषार, थोडा थोडा वेळ पण वारंवार, सोडावेत. तुषार हे हवेसाठी असतात, कोकोपीटसाठी नव्हे. थेंब मोठे पडू लागले की हवा कोरडी राहते आणि ट्रे मात्र चिखल होतो. पाणी जड असल्यास फॉगरची छिद्रे क्षारांनी बुजतात आणि पानांवर पांढरे डाग पडतात. त्यामुळे गाळण यंत्रणेकडे दुर्लक्ष करू नये. तसेच बंद बोगदा थेट उन्हात कधीही ठेवू नये. त्यावर शेडनेटची सावली नसेल, तर आतील हवा बाहेरच्यापेक्षाही अधिक तापते.

कांदेबागेच्या रोपांचे काटकीकरण पावसाळ्यात होते आणि तेथे सारे चित्र उलटते. ३० अंश आणि ८० टक्के आर्द्रतेच्या हवेला पाण्याने फार तर तीन अंश थंड करता येते. अशा वेळी पॅड आणि फॉगर चालू ठेवणे म्हणजे लाभाविना ओल वाढविणे होय. शिवाय या हवेचा दवांक सुमारे २६ अंश असतो. रात्री तापमान त्याखाली गेले की पानांवर आणि प्लॅस्टिकच्या आतील बाजूस पाणी सुटते. रात्रभर ओले राहिलेले पान आणि न वाळणारे कोकोपीट ही बुरशीला आणि जिवाणूंना मेजवानीच असते. पिथियम व रायझोक्टोनियासारख्या बुरशींमुळे होणारी मूळकुज आणि इर्विनिया जिवाणूमुळे होणारी कंदकुज यांचे मूळ पुष्कळदा अशाच ओलीत सापडते.

पावसाळ्यात म्हणून भर द्यावा तो हवा खेळती ठेवण्यावर. छतावर प्लॅस्टिक ठेवून पाऊस अडवावा, पण बाजू मोकळ्या असाव्यात. ट्रे जमिनीवर न ठेवता मांडणीवर ठेवावेत, रोपांची दाटी टाळावी आणि दुपारनंतर तुषार बंद करून रात्रीपूर्वी पाने कोरडी होऊ द्यावीत. लहान पंख्यांनी हवा हलती राहिली, तर आर्द्रतेचा आकडा फारसा न बदलताही पानालगतचा साचलेला ओलावा निघून जातो.

मोजल्याशिवाय अंदाज नको

हे सारे डोळ्यांच्या अंदाजाने जमत नाही. सर्वांत स्वस्त आणि भरवशाचे साधन म्हणजे कोरडा-ओला तापमापक. एका तापमापकाच्या फुग्यावर ओली वात असते आणि दुसरा कोरडा असतो. कोरडा ३० आणि ओला २८ अंश दाखवीत असेल, तर आर्द्रता सुमारे ८६ टक्के असते. ओला २५ अंश दाखवीत असेल, तर ती सुमारे ६७ टक्के असते. वात स्वच्छ असावी, ती ऊर्ध्वपातित पाण्याने भिजवावी आणि तिच्याभोवती हवा हलती असावी. साधन दाराजवळ न टांगता रोपांच्या उंचीवर, सावलीत ठेवावे.

डिजिटल आर्द्रतामापक वापरणाऱ्यांनी त्याची अधूनमधून परीक्षा घ्यावी. घट्ट झाकणाच्या डब्यात वाटीभर मीठ पाण्याने चिखलासारखे ओले करून ठेवावे आणि त्याशेजारी, मीठ लागणार नाही असा, मापक ठेवून डबा रात्रभर बंद करावा. २५ अंशांच्या आसपास आतील आर्द्रता ७५ टक्के होते. मापक याहून जितका चुकेल, तितकी दुरुस्ती पुढील नोंदींत करावी.

रोपे घेताना

ऊतीसंवर्धित रोपांच्या प्रमाणीकरणाची राष्ट्रीय व्यवस्था केंद्र सरकारच्या जैवतंत्रज्ञान विभागाने २००६ मध्ये सुरू केली. रोप विषाणूमुक्त आहे आणि मूळ वाणाशी एकरूप आहे, याची ग्वाही त्यातून मिळते. तेवढ्यावर विसंबून चालत नाही. पिशवीतील रोप किती काटक झाले आहे, हे शेतकऱ्याने स्वतः पाहून घ्यायला हवे.

चांगले काटक झालेले रोप साधारण ३० सेंटिमीटर उंच, पाच-सहा पानांचे आणि बुंध्याशी जाड असते. पाने गर्द हिरवी आणि हाताला जाडसर लागतात. फिकट, लांबट, लुसलुशीत रोप डोळ्यांना सुखावते. पण ते बहुधा दाट सावलीत आणि दमट हवेत घाईने वाढविलेले असते. पिशवी हलकेच सोडून पांढरी, ताजी मुळे पाहावीत. रोपे बोगद्यातून केव्हा काढली आणि शेडनेटमध्ये किती दिवस ठेवली, हे निःसंकोच विचारावे. गाडीतून उतरविलेली रोपे त्याच दुपारी न लावता चार-पाच दिवस बांधावर विरळ सावलीत ठेवावीत, म्हणजे शेवटची पायरीही रोप आपल्याच शिवारातील हवेत चढते.

मागणीच्या दिवसांत रोपवाटिकेला रोपे लवकर उचलली जावीत असे वाटते आणि शेतकऱ्यालाही पावसाआधी लागवड उरकायची असते. दोन्हीकडच्या या घाईत काटकीकरणाचे शेवटचे दोन-तीन आठवडेच कापले जातात. वाचविलेल्या त्या दिवसांची भरपाई नंतर नांग्या भरण्यात आणि मागेपुढे येणाऱ्या घडांत करावी लागते. वर्षभराच्या पिकासाठी आणखी पंधरा दिवस थांबणे हा त्या मानाने स्वस्त सौदा आहे.