हुकूम आणि खबर : जाफन्यातील हेलिकॉप्टर-मोहिमेचा विचार

हेलिकॉप्टरांतून शत्रूच्या ठाण्यात सैन्य उतरविण्याची रीत नवी असली, तरी तिच्या मुळाशी असलेली छाप्याची कल्पना जुन्नर-आंबेगावच्या डोंगरपट्ट्यास परकी नाही. 1657 च्या एप्रिलअखेर शिवाजीमहाराजांनी जुन्नरवर छापा घातला. जदुनाथ सरकारांच्या वृत्तांतानुसार मावळ्यांनी रात्री दोराच्या शिड्यांवरून तट ओलांडला व 3 लाख होन आणि 200 घोडे हस्तगत केले. शिवनेरी किल्ला मात्र मोगलांकडेच राहिला. छाप्याचे साध्य मर्यादित होते, आणि परतीची वाट छापा घालणाऱ्यांच्याच स्वाधीन होती.

ह्याच्या अगदी उलट प्रकार 11 ऑक्टोबर 1987 च्या रात्री जाफन्यात घडला. श्रीलंकेतील भारतीय शांतिसेनेचे एकंदर सेनापतिपद पुण्यास मुख्यालय असलेल्या दक्षिण कमांडचे प्रमुख लेफ्टनंट जनरल दीपिंदर सिंग ह्यांच्याकडे होते. जागेवरील 54 व्या डिव्हिजनचे नेतृत्व मेजर जनरल हरकिरत सिंग करीत होते. जाफना विद्यापीठाच्या परिसरात जमलेल्या 'लिट्टे'च्या पुढाऱ्यांस अचानक गाठावयाचे, हा बेत होता. त्यासाठी 10 पॅरा कमांडोचे सुमारे 100 सैनिक आणि 13 शीख लाइट इन्फन्ट्रीची पलटण मैदानात उतरावयाची होती. मी-8 हेलिकॉप्टरे थोडी असल्याने हे काम हप्त्याहप्त्याने करावे लागणार होते.

परंतु रेडिओवरील बोलणे शत्रूने ऐकले होते. हेलिकॉप्टरांवर गोळ्यांचा वर्षाव झाला, यंत्रे जायबंदी झाली आणि पुढील फेऱ्या थांबविण्यात आल्या. तोवर शीख पलटणीचे 30 जवानच उतरले होते. मागून येणाऱ्यांसाठी मैदान राखणे हे त्यांचे काम. पण मागून कोणी येणार नव्हते, आणि मुख्यालयाशी त्यांचा संपर्कही तुटला होता.

आपल्या भाषेत हुकूम 'सुटतो' आणि खबर 'येते'. दोन्ही क्रियापदांचा रोख वेगळा आहे, व सेनानायकत्वाची व्याख्या करताना आपण बहुधा पहिल्याचाच विचार करतो. (कोशकारही ह्यास अपवाद नाहीत.) जाफन्यात हुकूम बरोबर सुटला होता, खबर मात्र कोठल्याच दिशेस पोचली नाही. शत्रूचे बळ ओळखण्यात चूक झाली, असे समर्थन नेहमी केले जाते. ते खरे असले तरी अपुरे आहे. जी चढाई हप्त्यांनी व्हावयाची, तीत पहिला हप्ता एकटा पडल्यास त्याने काय करावे, हे निघण्यापूर्वीच ठरलेले असावे लागते. तसे काही ठरले होते, असे घडलेल्या प्रकारावरून दिसत नाही.

ते 30 जण दारूगोळा संपेपर्यंत लढले. 29 मारले गेले, एक कैद झाला. कमांडोंनी मैदान सोडून घरांचा आश्रय घेतला होता. त्यांचे 6 जण पडले. बाकीच्यांस सोडविण्यासाठी मेजर अनिल कौल ह्यांनी रणगाडे रेल्वेमार्गावरून नेले. ही वाट मूळ बेतात नव्हती.