गोदामासमोरचा कोबा का फुटतो?

आपले व्यापारी बांधव गोदाम बांधताना पत्रे, शटर, कुलूप यांची दहा ठिकाणी चौकशी करतात. समोरच्या काँक्रीटचे काम मात्र मिस्त्रीवर सोडून मोकळे होतात. मीही तेच केले. मालेगावला ऐन एप्रिलमध्ये कोबा केला, दोन दिवस पाणी मारले आणि आठवड्यात गाठींनी भरलेला टेम्पो वर चढवला. पावसाळ्यापर्यंत भेगा पडल्या, शटरजवळचा भाग खचला, पाणी आत शिरले. खालच्या थरातले कापड भिजून डागी झाले.

दुसऱ्या वेळी मी स्वतः खुर्ची टाकून बसलो. पहिला वाद पाण्यावरून झाला. पातळ माल पसरायला सोपा, म्हणून मजूर बादल्या ओतत राहतात. सायझिंगमध्ये कांजी पातळ झाली की मागावर सूत तुटते, हे आपल्याला सांगायला नको. इथेही तसेच. एक भाग सिमेंट, दीड वाळू, तीन खडी असा माल असेल तर ५० किलोच्या गोणीला ३० लिटरच्या वर पाणी नको. वाळू ओली असेल तर त्याहून कमी.

खालचा मुरूम पाणी मारून चांगला दाबून घेतला. जाडी सहा इंच, ढाळ रस्त्याकडे. दर दहा फुटांवर दीड इंच खोल सांधा ठेवला. काँक्रीट सुकताना आकसते. आपण रेघ दिली नाही तर ते मनाला येईल तिथे चिरते.

खरे काम पुढे आहे. सकाळ-संध्याकाळ पाइप फिरवला म्हणजे झाले, असे नाही. दुपारच्या उन्हात तासाभरात सगळे कोरडे पडते. कोरड्या, उष्ण हवेत किमान १० दिवस ओल टिकली पाहिजे, असे आयएस ४५६ हे भारतीय मानक सांगते. राखमिश्रित सिमेंटला १४ दिवस. गोणीवर पीपीसी लिहिलेले असेल तर ते बहुधा हेच. ढाळावर पाणी साठत नाही, म्हणून मी जुनी बारदाने भिजवून अंथरली. कापडवाल्याकडे बारदानाला काय तोटा! ती सुकू द्यायची नाहीत, एवढ्यासाठी एक पोऱ्या बसवला.

टेम्पो २८ दिवस रस्त्यावरच उभा केला. हमालांनी कुरकुर केली, जादा हमाली मागितली. ती दिली. भिजलेल्या एका गाठीच्या किमतीपुढे ती काहीच नव्हती.