लांकडांतील भुंगेरा व त्याचा बंदोबस्त

बांधावरील झाड तोडून घरच्या उपयोगासाठीं लांकूड सांठविण्याची आपल्या शेतकरी वर्गांत जुनी वहिवाट आहे. वासे, चौकटी, औजारांचे दांडे, कातारी पलंगाच्या पायांसाठीं मागतो ते ठोकळे, हें सर्व त्यांतूनच निघतें. परंतु जपून ठेविलेल्या लांकडाखालीं एके दिवशीं मैद्यासारखा भुसा दिसतो आणि हातांतील दांडा मधोमध मोडतो. मग लोक भोंकांत रॉकेल ओततात, वरून रंग देतात. तरी पुढें रंग फोडून नवीं भोंकें पडतातच. असें कां होतें, हें आम्हीं येथें थोडक्यांत सांगतों.

भोंक ही किडा आंत शिरल्याची खूण नव्हे, तो बाहेर पडल्याची खूण होय. भुंगेऱ्याची मादी वाळलेल्या लांकडाच्या सूक्ष्म छिद्रांत अंडीं घालते. अळी आंत राहून लांकडांतील पिष्ट खाते आणि कांहीं महिन्यांनीं, कधीं वर्षानें, भुंगेरा होऊन बाहेर पडते. हें पिष्ट सालीलगतच्या पांढऱ्या लांकडांत असतें. म्हणून सागाचा गाभा टिकतो, पण त्याच सागाच्या पांढऱ्या कडेचें पीठ होतें. निरोगी लांकडास रंग दिल्यास छिद्रें बुजून मादीस अंडीं घालतां येत नाहींत. किडलेल्यास दिल्यास आंतील अळीस त्याची कांहीं बाधा होत नाहीं.

कीड जिवंत आहे कीं नाहीं, हें आधीं ठरवावें. भुसा झाडून खालीं काळा कागद पसरावा. कांहीं आठवडे पाहूनही ताजा भुसा पडत राहिला तर उपाय करावा.

खात्रीचा उपाय म्हणजे उष्णता. परदेशीं जाणाऱ्या मालाच्या लांकडी खोक्यांसाठीं २००२ सालीं ठरलेल्या आंतरराष्ट्रीय मानकाप्रमाणें लांकूड गाभ्यापर्यंत ५६ अंश सेल्सिअस तापवून सलग ३० मिनिटें तसेंच ठेवावें लागतें. कातकामाचे ओले ठोकळे घरीं उकळत्या पाण्यांत बुडवून दर इंच जाडीस एक तास ठेवावे व सावलींत हळूहळू वाळवावे. पोळपाट, लाटणें व मुलांचीं खेळणीं यांसाठीं हाच उपाय योग्य. मात्र उष्णतेनें आंतील कीड मरते. पुढें नवी कीड लागणार नाहीं, असा तिचा भरंवसा नाहीं.

वासे व बांबू यांसाठीं १०० लिटर पाण्यांत ३ किलो टांकणखार व २ किलो बोरिक ॲसिड विरघळवावें आणि लांकूड ओलें असतांनाच त्यांत भिजत घालावें. वाळलेल्या लांकडांत औषध वरवरच मुरतें. तें पावसानें धुपतें, म्हणून छपराखालील कामासच वापरावें. त्या पाण्यास जनावरांनीं तोंड लावूं नये.

धान्यांत ठेवण्याच्या ॲल्युमिनियम फॉस्फाईडच्या गोळ्या लांकडासाठीं घरांत कदापि वापरूं नयेत. त्यांतून निघणारा वायु माणसाचा प्राण घेतो व त्यावर उतारा नाहीं.

सारांश, झाड पडतांच साल काढावी, पांढरी कड शक्य तितकी तासून टाकावी, लांकूड जमिनीपासून उंच व हवेशीर रचावें आणि औषध ओलेपणींच द्यावें. चढविलेलें आढें उतरविण्यापेक्षां हे श्रम फार थोडे आहेत.