फी माफ झाली, जेवणाचे काय?

गरिबाघरचा मुलगा कॉलेज कशाच्या जोरावर पुरे करत आला, याचा महाराष्ट्रापुरता मागोवा घेतला तर पहिला प्रश्न फीचा नव्हे, भाकरीचा दिसतो. पुण्यात शिकायला आलेला गरीब ब्राह्मण विद्यार्थी माधुकरी मागे किंवा सात घरी वार लावून जेवे. त्यात मिंधेपण होते, आणि बहुजनांच्या मुलांना तेवढाही आधार नव्हता. राजर्षी शाहूंनी हे ओळखले. कोल्हापुरात 1901 पासून एकेक वसतिगृह उभे राहिले, 1908 साली अस्पृश्य मानलेल्या मुलांसाठी मिस क्लार्क बोर्डिंगही. कर्मवीर भाऊराव पाटलांनी 1924 मध्ये साताऱ्यात सगळ्या जातींची मुले एका पंगतीला बसवली. गावोगावच्या बायका त्यांच्यासाठी मूठ-मूठ धान्य बाजूला काढत. कोठी रिकामी झाली तेव्हा भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी मंगळसूत्रही दिले. पुढे 1955 मध्ये डॉ. अच्युतराव आपटे यांनी पुण्यात विद्यार्थी सहाय्यक समिती सुरू केली, तीही खेड्यातल्या मुलांच्या राहण्या-जेवण्याची सोय पाहूनच.

सरकार या कामात उतरले आणि मदतीचा पैस वाढला. डॉ. आंबेडकरांच्या आग्रहाने 1944 साली अनुसूचित जातींसाठी मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती आली. यशवंतराव चव्हाण मुख्यमंत्री असताना 1200 रुपयांहून कमी वार्षिक उत्पन्न असलेल्या घरांतल्या मुलांची फी माफ झाली. या 'ईबीसी' सवलतीने शेतकऱ्यांची एक पिढी कॉलेजात बसली, त्या सवलतीचे मोल कमी लेखता येणार नाही. पण 1983 नंतर विनाअनुदानित कॉलेजे निघाली, फी वाढत गेली आणि सरकारी मदतीचा मोठा वाटा फीच्या प्रतिपूर्तीकडे वळला. ही रक्कम भरते सरकार, पोहोचते शेवटी शिक्षणसंस्थेकडे. 2024 पासून व्यावसायिक अभ्यासक्रमांत आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरांतल्या पात्र मुलींना पूर्ण फी माफ झाली, हे चांगलेच झाले. मात्र परभणीहून पुण्यात आलेल्या मुलीला फीमाफीने रात्रीचे जेवण मिळत नाही.

जेवणा-राहण्यासाठी पैसे देणारी योजना नाही असे नाही. वसतिगृहात जागा न मिळालेल्या अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांसाठी 2016-17 मध्ये स्वाधार योजना आली. पुण्या-मुंबईत तिची वर्षाची रक्कम 60,000 रुपये: भोजनाला 32,000, निवासाला 20,000, निर्वाहाला 8,000. म्हणजे राहण्यासाठी महिन्याला 1,666 रुपये. एवढ्यात पुण्यात कॉट बेसिसवर खाट शोधून पाहावी. त्यातही पैसे अनेकदा वर्ष सरता सरता हाती येतात. मेसवाला महिन्याचे पैसे आगाऊ घेतो, घरमालक अनामत मागतो. मग उसनवारी होते, नाहीतर एक वेळच्या डब्यात दोघे जेवतात. कागदोपत्री मात्र हा विद्यार्थी लाभार्थी असतो.

कुणी म्हणेल, शैक्षणिक कर्ज आहे ना? आहे, पण ते फेडायचे पुढच्या पगारातून. बी.ए. करून स्पर्धा परीक्षेच्या रांगेत उभ्या राहणाऱ्या मुलाला तो पगार कधी मिळेल, याची खात्री कोण देणार? दुसरा आक्षेप अधिक विचार करण्याजोगा आहे: मुलांनी कमवून शिकावे, कष्टाची लाज कसली? लाज नाहीच. पण कर्मवीरांच्या 'कमवा आणि शिका'मध्ये काम कॉलेजच्या आवारात होते, तासांना मर्यादा होती आणि संध्याकाळची भाकरी ठरलेली होती. रात्री बारापर्यंत दुचाकीवरून पार्सले पोहोचवणाऱ्या मुलाला सकाळच्या तासाला डोळे उघडे ठेवता येत नाहीत. हजेरी 75 टक्क्यांच्या खाली गेली की परीक्षेला बसण्याचीही पंचाईत. तिसरे म्हणणे गैरव्यवहाराचे. बोगस विद्यार्थी दाखवून संस्थांनी शिष्यवृत्ती लाटली, हे खरे आहे. म्हणून तर पैसे थेट विद्यार्थ्याच्या खात्यावर जाऊ लागले. ती खबरदारी घेतल्यावर पैसे उशिरा देण्याचे समर्थन उरत नाही. सरकारने भत्त्याची रक्कम शहरातल्या खऱ्या भाड्याला आणि मेसच्या दराला जोडावी, आणि प्रवेश पक्का होताच पहिल्या तीन महिन्यांचे पैसे आगाऊ द्यावेत. अर्जाची छाननी त्यानंतरही करता येते.