एकच थर कशावरून?

'मोलिब्डेनम डायसल्फाइड' हे नाव वाचून लगेच पान उलटू नका! मेकॅनिकलच्या मंडळींची याच्याशी जुनी ओळख आहे. ग्रीसमध्ये घालतात ती काळी पावडर, म्हणजेच आपली 'मोली'. हीच मोली एका थराइतकी पातळ झाली की इलेक्ट्रॉनिक्सवाल्यांच्या कामाची होते. कशी ते बघू.

पुरणपोळ्यांची चवड डोळ्यांसमोर आणा. पोळीतलं पुरण म्हणजे मोलिब्डेनमचे अणू, आणि वरची-खालची पारी म्हणजे गंधकाचे अणू. पोळीच्या आतले बंध एकदम भक्कम. पण एका पोळीचं दुसरीशी नातं अगदी सैल, फक्त व्हॅन डर वाल्स बलाचं. म्हणून पोळ्या एकमेकींवरून सहज घसरतात, आणि म्हणूनच मोली हे उत्तम वंगण आहे. अशा एका पोळीची जाडी साधारण ०.६५ नॅनोमीटर. आपला केस याच्या जवळजवळ लाखपट जाड!

आता एवढा खटाटोप कशासाठी? तर बँडगॅपसाठी. चवडीचा बँडगॅप सुमारे १.२ इलेक्ट्रॉन-व्होल्ट, आणि तोही 'इनडायरेक्ट', त्यामुळे ती प्रकाश जवळपास देतच नाही. एकच थर उरला की तो सुमारे १.८ ते १.९ होतो आणि 'डायरेक्ट' बनतो. मग लेझर टाकला की हा थर लाल प्रकाश देतो. हे २०१० साली दाखवलं गेलं. २०११ साली स्वित्झर्लंडमधल्या लोझान इथे आंद्रास किस यांच्या गटाने एका थराचा ट्रान्झिस्टर बनवला. त्याचा 'ऑन' करंट 'ऑफ' करंटच्या दहा कोटी पट होता! ग्राफीनला बँडगॅपच नसल्यामुळे तो असा बंद करता येत नाही.

थर सुटा करायच्या तीन पद्धती जास्त चालतात. पहिली चिकटपट्टीची. २००४ मध्ये मँचेस्टरला गाइम आणि नोव्होसेलोव्ह यांनी ग्राफाइटवर ती वापरली, आणि २००५ मध्ये त्यांच्याच गटाने मोलीवर. पट्टीने स्फटिक पुन्हा पुन्हा सोलायचा आणि सिलिकॉनच्या चकतीवर दाबायचा. माल उत्तम मिळतो, पण चिमूटभरसुद्धा नाही. दुसरी पद्धत द्रवातली. पावडर योग्य सॉल्व्हंटमध्ये टाकून अल्ट्रासॉनिक लहरींनी तासन् तास हलवायची, मग सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवून जाड तुकडे खाली बसवायचे. माल भरपूर, पण जाडी सरमिसळ. तिसरी भट्टीची. मोलिब्डेनम ट्रायऑक्साइड आणि गंधक तापवून त्यांची वाफ सातशे-आठशे अंश सेल्सिअसच्या आसपास चकतीवर जमवायची. तिथे सुरेख त्रिकोणी थर वाढतात.

इथवर सगळं छान. पण खरा प्रश्न पुढेच आहे: जे बनलं तो एकच थर कशावरून? हा प्रश्न फालतू नाही. दोन थर झाले तरी बँडगॅप पुन्हा इनडायरेक्ट होतो. म्हणजे मोजणी चुकली तर पुढचं सगळं गणितच चुकलं.

इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपमधला देखणा फोटो आकार दाखवतो, पण तेवढ्यावरून थर मोजता येत नाहीत. एएफएमची सुई उंची मोजते, पण थराखाली ओलावा अडकला की ०.६५ च्या जागी १ नॅनोमीटरपर्यंत आकडा येऊ शकतो. मग हा एक थर की दीड?

इथे आपले सर सी. व्ही. रामन मदतीला येतात. त्यांनी १९२८ मध्ये लावलेल्या ज्या शोधासाठी आपण २८ फेब्रुवारीला विज्ञान दिन साजरा करतो, त्यावरच ही चाचणी चालते. मोलीच्या रामन आलेखात दोन ठळक शिखरं दिसतात: एक अणूंच्या आडव्या कंपनाचं, दुसरं गंधकाच्या वर-खाली कंपनाचं. चवडीत त्यांच्यामधलं अंतर सुमारे २५ प्रति सेंटिमीटर असतं, आणि एका थरात ते १९ च्या आसपास येतं. थर कमी होत जातात तशी शिखरं जवळ येतात. त्यावर लाल प्रकाशाची चाचणीही जुळली, तर केस पक्की! एका साक्षीदारावर निकाल द्यायचा नाही, इतकंच.

आपल्या लॅबमध्ये यंत्र नाही म्हणून अडून बसू नका. आयआयटी आणि मोठ्या विद्यापीठांच्या केंद्रांत शुल्क भरून सॅम्पल तपासून मिळतं. आणि आलेखात चार थर निघाले, तर रिपोर्टात 'चार थर' असंच लिहा. त्यात लाज कसली? चार थरांचेही उपयोग आहेत. पण न मोजता 'एक थर' लिहिलं, की व्हायवाला एक्स्टर्नल शांतपणे चष्मा पुसत विचारणारच, "कशावरून?"