मापे कुणाच्या मालकीची?

अमेरिकेत '१९११' या नावाने ओळखले जाणारे पिस्तूल हौसेने जुळविणाऱ्या माणसाला एखादा सुटा भाग स्टेनलेस स्टीलचा हवा असला, तर तो त्याला बहुधा मिळतो. या पिस्तुलाचा रचनाकार जॉन ब्राउनिंग १९२६ साली निवर्तला. अमेरिकी लष्कराने १९८५ साली त्याच्या जागी दुसरे पिस्तूल स्वीकारले. तरीही त्याचे भाग आज अनेक कारखाने बनवितात. उलट, पाच-सात वर्षांपूर्वी घेतलेले घरगुती यंत्र एका लहानशा चाकापायी भंगारात काढावे लागल्याचा अनुभव कोणत्या घरात नाही? या विरोधाभासाचे उत्तर धातूत शोधून सापडणार नाही.

धातूचा इतिहास मात्र उद्‌बोधक आहे. १९१३ साली इंग्लंडमधील शेफील्ड येथे हॅरी ब्रिअर्ली हा धातुतज्ज्ञ बंदुकीच्या नळ्यांची झीज कशी थांबवावी याचा शोध घेत होता. त्या शोधातून क्रोमियमयुक्त, न गंजणारे पोलाद हाती आले. पण ते रूढ झाले ते सुऱ्या-काट्यांत आणि भांड्याकुंड्यांत. संपूर्ण स्टेनलेस स्टीलचे रिव्हॉल्व्हर स्मिथ अँड वेसन कंपनीने बाजारात आणले ते १९६५ साली, आणि '१९११' घाटाचे तसे पिस्तूल निघाले १९७७ च्या सुमारास. या विलंबास कारणेही होती. स्टेनलेस स्टीलचे दोन पृष्ठभाग एकमेकांवर दाबाखाली घासले, की त्यांवरील संरक्षक थर फाटतो आणि धातू धातूला चिकटून ओरखडला जातो. शिवाय या पोलादाचे काही प्रकार तापवून-विझवूनही कठीण होत नाहीत. म्हणून कोणत्या भागास कोणती मिश्रधातू वापरावी, हा कारागिराच्या अंदाजाचा नव्हे, शास्त्राचा प्रश्न ठरतो.

अशा वेळी भाग शोधावा की घडवावा? लेथवर एकच नग घडवायचा, तर मापे घेणे, यंत्र जुळविणे, चुकलेला नग टाकून देणे, हा सारा स्थिर खर्च त्या एका नगावर पडतो. हजार नग काढणाऱ्याच्या बाबतीत तोच खर्च हजारांत वाटला जातो. श्रमविभागणीला बाजारपेठेच्या विस्ताराची मर्यादा असते, हे ॲडम स्मिथचे प्रतिपादन येथे शब्दशः लागू पडते. परंतु हजार ग्राहक एका भागासाठी एकत्र येतात ते केव्हा? त्यांच्या हजार पिस्तुलांत तोच भाग नीट बसेल, तेव्हाच.

ही अट आपोआप पूर्ण होत नाही. १७८५ साली पॅरिसमध्ये ओनोरे ब्लाँ या बंदूककाराच्या कारखान्यात टॉमस जेफरसन यांनी बंदुकीच्या चापयंत्रणेचे भाग ढिगातून हाताला येतील तसे उचलून जुळविले आणि ते बिनचूक बसले, याचे त्यांना विलक्षण कौतुक वाटले. तेव्हा विस्मयकारक वाटलेली ही गोष्ट पुढे अमेरिकी सरकारी शस्त्रशाळांनी दीर्घ परिश्रमांनी नित्याची केली. दुसऱ्या महायुद्धात '१९११' पिस्तुले कोल्टबरोबरच टंकलेखन यंत्रे बनविणाऱ्या रेमिंग्टन रँडने, रेल्वे सिग्नल बनविणाऱ्या एका कंपनीने आणि शिलाई यंत्रांच्या सिंगरनेही बनविली. सिंगरने तर अवघी ५०० बनविली. एका कारखान्याचा भाग दुसऱ्याच्या पिस्तुलात बसला पाहिजे, ही सरकारची अट होती. नकाशे, मापे आणि चुकीची अनुज्ञेय मर्यादा ही अशा रीतीने एका उत्पादकाची गुपिते राहिली नाहीत. आजचा छोटा कारखानदार जगतो आहे तो याच सामाईक भांडवलावर.

शस्त्राच्या बाबतीत समाजाने आणखी एक विचार केला पाहिजे, हे उघड आहे. अमेरिकेच्या १९६८ च्या कायद्यानुसार पिस्तुलाचा सांगाडा हेच 'शस्त्र' मानले जाते आणि इतर बहुतेक भाग खुलेपणाने विकले जातात. भारताच्या १९५९ च्या शस्त्र कायद्याने मात्र शस्त्राच्या व्याख्येत त्याचे भागही घातले आहेत. भारताची सावधगिरी योग्यच आहे. जी वस्तू जीव घेऊ शकते, तिच्या सुट्या भागांवरही निर्बंध हवेतच.

पण मग शेतातला पंप, शिलाई यंत्र, धुलाई यंत्र यांचे काय? त्यांच्या मापांवर गुप्ततेचा पडदा कशासाठी? तेथे धोका समाजाला नसतो, उत्पादकाच्या मक्तेदारीला असतो. भाग मिळू न देणे म्हणजे ग्राहकाला तीच वस्तू दुसऱ्यांदा विकत घ्यावयास लावणे होय. केंद्र सरकारने २०२२ साली 'दुरुस्तीच्या हक्का'चा विचार करण्यासाठी समिती नेमली, ती या दृष्टीने योग्य दिशा होती. परंतु हक्क कागदावर येऊन भागत नाही. मापे खुली झाली, तरच गल्लीतल्या कारागिराच्या हाताला काम मिळेल आणि पगारदाराच्या खिशाला आधार. ज्या वस्तूची मापे उत्पादकाच्या कुलपात आहेत, ती वस्तू पूर्ण किंमत मोजूनही ग्राहकाची झालेली नसते.