औषधांचा शीळफाटा : लिव्हर, वजनकाटा आणि एक रोबोट

संध्याकाळी सातच्या सुमारास शीळफाट्यावर कधी अडकला आहात? मुंब्र्याकडून, पनवेलकडून, महापेकडून आणि कल्याणकडून येणाऱ्या गाड्या एकाच नाक्यावर भिडतात. एरवी नाका चालू असतो तेव्हा कुणाच्या लक्षातही येत नाही. पण मधोमध एखादा कंटेनर बंद पडला, की गाड्या तेवढ्याच असूनही रांग मागे मागे पार पलाव्यापर्यंत जाते.

आपल्या लिव्हरमध्येही असाच एक नाका आहे. त्याचं नाव सीवायपी३ए४. हे एक एन्झाइम आहे, आणि आपण घेतो त्या औषधांपैकी फार मोठा हिस्सा याच्यातूनच पुढे जातो. हा नाका तुंबला तर काय होतं, याचं सगळ्यात गाजलेलं उदाहरण म्हणजे टरफेनाडिन. अ‍ॅलर्जीवरचं, झोप न आणणारं, अतिशय लोकप्रिय औषध. गोळी घेतली की लिव्हर जवळजवळ सगळ्या टरफेनाडिनचं रूपांतर फेक्सोफेनाडिनमध्ये करायचं आणि खरं काम तेच करायचं. पण पेशंट सोबत कीटोकोनॅझोल किंवा एरिथ्रोमायसिन घेत असेल तर? ही दोन्ही औषधं सीवायपी३ए४ अडवतात. मग मूळ टरफेनाडिन रक्तात साचत जातं आणि हृदयाचे ठोके बिघडवतं. माणसं दगावली. शेवटी १९९८ मध्ये ते अमेरिकेच्या बाजारातून गेलं. आज केमिस्टकडे मिळतं ते फेक्सोफेनाडिन, म्हणजे नाका ओलांडून आलेला माल थेट गोळीत भरलेला.

म्हणून आता कुठलाही नवा रेणू माणसाच्या पोटात जाण्याआधी दोन प्रश्न विचारले जातात. लिव्हर याला किती वेगाने संपवतं? आणि संपवताना त्याचं काय करतं?

प्रयोग कसा होतो?

माणसाच्या लिव्हरपासून मायक्रोसोम्स नावाचे बारीक कण काढतात. त्यांच्यात हे एन्झाइम्स शाबूत असतात. त्यात औषध घालायचं, तापमान ३७ अंश ठेवायचं आणि एनएडीपीएच हे इंधन टाकलं की घड्याळ सुरू. मग ०, ५, १०, २०, ३० आणि ६० मिनिटांनी थोडं थोडं सॅम्पल काढून थंडगार अ‍ॅसिटोनायट्राइलमध्ये टाकायचं. तिथे एन्झाइम जागच्या जागी मरतं. औषध किती उरलं, ते मग मास स्पेक्ट्रोमीटरवर मोजायचं.

मास स्पेक म्हणजे काय, तर रेणूंचा वजनकाटा. ट्रक मोकळा किती भरला आणि मालासकट किती भरला, या फरकावरून माल कळतो ना, अगदी तसंच. पॅरासिटामॉल घ्या. त्याचं वजन १५१. शरीरात त्याला ग्लुकुरोनाइड ही साखर चिकटली तर काटा ३२७ दाखवतो, सल्फेट चिकटलं तर २३१. दोन हायड्रोजन गेले तर १४९. हा १४९ वाला, नॅपकी, लक्षात ठेवा, पुढे लागेल.

अर्थात एकाच वजनाचे दोन वेगळे रेणू असू शकतात. म्हणून यंत्र हव्या त्या वजनाचा रेणू निवडतं, गॅसवर आपटून फोडतं आणि तुकड्यांचंही वजन करतं. दोन्ही वजनं जुळली तरच ओळख पक्की.

रोबोट कशाला हवा?

हिशोब करू. ४० रेणू, प्रत्येकाच्या ६ वेळा, प्रत्येक वेळी ३ सॅम्पल्स. झाली ७२० सॅम्पल्स. हाताने पिपेट करायची तर अंगठा कामातून जातो, पण खरा प्रश्न वेळेचा आहे. एखाद्या रेणूचा हाफ लाइफ ४ मिनिटं असेल, तर ५व्या मिनिटाला ४२ टक्के उरायला हवा. तुमचा हात अर्धा मिनिट उशिरा पोचला तर उत्तर ३९ येईल. रोबोट एका फटक्यात आठ टिपा बुडवतो आणि घड्याळ चुकवत नाही.

दुसरं काम मास स्पेकचं. कुठला रेणू किती जोरात आपटला की चांगला तुकडा मिळतो, हे प्रत्येकाचं वेगळं असतं. आता सॉफ्टवेअर स्वतःच वेगवेगळे जोर लावून बघतं. तिसरं, मोजणी. दर सॅम्पलला २ मिनिटं धरली तर ७२० सॅम्पल्सना पूर्ण २४ तास लागतात. पण चार वेगळ्या वजनांचे रेणू प्रयोग संपल्यावर एकत्र केले तर १८० फेऱ्या, म्हणजे ६ तास. शेवटी उरलेल्या औषधाच्या लॉगची रेघ काढायची आणि तिच्या उतारावरून हाफ लाइफ. तेही आपोआप.

मग आमचं काम काय?

शंका घेणं! एकदा यादीत काही रेणू 'फार लवकर संपतात, बाद' असे आले. आलेख उघडले तर २०व्या मिनिटानंतर सगळे एकदम शून्य, आणि सगळे पाचव्या टिपेतून गेलेले. लिव्हर असं वागत नाही, तुंबलेली टिप वागते. सॅम्पल उचललंच गेलं नव्हतं. सॉफ्टवेअरने मात्र इमानदारीत रेघ काढून दिली होती. न बघता पुढे गेलो असतो तर चांगले रेणू कचऱ्यात.

दुसरी फसगत : औषध नाहीसं झालं म्हणजे लिव्हरनेच खाल्लं असं नाही, ते प्लास्टिकलाही चिकटतं. म्हणून एक सेट इंधनाशिवाय चालवायचा. तिथेही घट दिसली तर दोष लिव्हरचा नाही.

तिसरी सगळ्यात महत्त्वाची. फक्त मूळ औषध मोजलं तर ते कुठल्या रस्त्याने गेलं ते कळत नाही. पॅरासिटामॉलचा बराचसा भाग साखर आणि सल्फेटच्या रस्त्याने निमूट बाहेर पडतो. थोडा नॅपकी होतो, आणि लिव्हरला इजा तोच करतो. नेहमीच्या डोसला ग्लुटाथायोन त्याला धरून निकामी करतं. डोस फार झाला की ग्लुटाथायोन संपतं. म्हणून नव्या रेणूच्या प्रयोगात आम्ही मुद्दाम ग्लुटाथायोन घालतो आणि काट्यावर जोडी दिसते का ते शोधतो. पॅरासिटामॉलसाठी १४९ अधिक ३०७, म्हणजे ४५६. हे वजन शोध असं कुणी सांगितलंच नाही, तर रोबोट ते शोधणार नाही.

तुमच्यासाठी यातून एवढंच. डॉक्टरांनी 'अजून काय चालू आहे?' विचारलं की सगळं सांगा. दुसऱ्या डॉक्टरची गोळी, बुरशीवरचं औषध, घरचा काढा, सगळं. तुमच्या नाक्यावर आधीच कोण उभं आहे, हे त्यांना दुसरीकडून कळणार नाही.